मेकॅनिकलचे कोर्सेस कसे लावायचे? (स्टॅटिक्स ड्रॉप करावं का)

प्रेषक: म. जो., केटी

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या गडबडीत वेगळाच विषय काढतोय, पण घाई आहे. मुलगी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला, टेक्सासमधल्याच एका पब्लिक युनिव्हर्सिटीत. स्टॅटिक्सच्या (स्थिर वस्तूंवरच्या बलांचा विषय) दोन्ही मिडटर्म वाईट गेल्यात आणि आता ड्रॉप करू का म्हणून रोज फोन. मी सांगलीच्या वालचंदचा. आम्हाला विषय निवडायचा प्रश्नच नव्हता, एसई टीई बीई सगळं ठरलेलं, एखादा राहिला तर एटीकेटी घेऊन पुढच्या वर्गात बसायचं आणि मागचा नंतर काढायचा. त्याच हिशोबाने मला वाटतंय की सोडून दे, पुढे कधीतरी कर. पण तिची रूममेट म्हणते असं केलंस तर ग्रॅज्युएशन वर्षभर लांबेल. एका तीन क्रेडिटच्या कोर्सने वर्ष कसं काय लांबतं? मुलीने डिग्री ऑडिट उघडून दाखवलं, एपी आणि ड्युअल क्रेडिट (हायस्कूलमध्येच मिळवलेले कॉलेजचे क्रेडिट्स) धरून निम्म्याच्या आसपास क्रेडिट्स झालेत, म्हणजे ती पुढेच आहे ना?

दुसरं, तिच्या ॲडव्हायजरला (कोर्सेस ठरवायला मदत करणारे कॉलेजातले सल्लागार) मीच फोन करून विचारलं तर चालतं का?

म. जो.

प्रेषक: क. दे., शुगर लँड

दादा, फोन नका करू, उपयोग नाही. फर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे, मूल कॉलेजात गेलं की रेकॉर्डवरचा हक्क त्याचा, फी आपण भरत असलो तरी. तिने लेखी संमती दिलेली नसेल तर ॲडव्हायजर मार्कांबद्दल शक्यतो चकार शब्द काढत नाहीत. आणि गेलं तर तिनेच जायला हवं, पुढची तीन वर्षं तिलाच हे कोर्सेस लावायचेत. वि. गो. काका बरीच वर्षं मेकॅनिकलच्या मुलांचं ॲडव्हायझिंग करतात. काका, वाचताय ना?

क. दे.

प्रेषक: वि. गो., वूडलँड्स

वाचतोय. थोडं लांबेल, पण हा प्रश्न दर ऑक्टोबरला कुणाच्या ना कुणाच्या घरी असतोच, म्हणून सगळ्यांसाठीच लिहितो.

आधी ऑडिट. ऑडिट सांगतं क्रेडिट्स किती झाले आणि किती राहिले. अजून किती सेमिस्टर लागणार हे त्यात कुठेच दिसत नाही, आणि मेकॅनिकलमध्ये खरा हिशोब तोच असतो. डिग्री साधारण १२० ते १३० क्रेडिट्सची, पण त्यातले मुख्य कोर्सेस एकामागे एक साखळीत अडकलेले. कॅल्क्युलसशिवाय फिजिक्स नाही, फिजिक्सशिवाय स्टॅटिक्स नाही, स्टॅटिक्समध्ये सी नसेल तर डायनॅमिक्स पण नाही आणि मेकॅनिक्स ऑफ मटेरियल्स पण नाही (आपलं एसओएम, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स), त्याच्याशिवाय मशीन डिझाईन नाही, आणि मशीन डिझाईन झालेलं नसेल तर दोन सेमिस्टर चालणाऱ्या सीनियर डिझाईनला (शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट) सिस्टीम नावच घेत नाही. युनिव्हर्सिटीगणिक थोडं इकडेतिकडे होतं, गाभा हाच. आपल्याकडे एटीकेटीत मागचा विषय राहिला तरी पुढचा शिकता यायचा, इथे पुढच्याचं दारच उघडत नाही. जो.साहेब, तुमचा सगळा हिशोब इथेच वेगळा पडतोय.

आता बोटांवर मोजा. स्टॅटिक्स, मटेरियल्स, मशीन डिझाईन, सीनियर डिझाईन एक आणि दोन, असे पाच सेमिस्टर, यातले कुठलेही दोन एकत्र घेता येत नाहीत. मुलगी तिसऱ्या सेमिस्टरला आहे. स्टॅटिक्स आत्ता पदरात पडलं तर चौथ्यात मटेरियल्स, पाचव्यात मशीन डिझाईन, आणि एका सेमिस्टरची जागा शिल्लक राहते. ड्रॉप करून स्प्रिंगला (जानेवारीच्या सेमिस्टरला) घेतलं तर मशीन डिझाईन सहाव्यात जातं आणि सगळं आठव्यात जेमतेम बसतं. पण बऱ्याच डिपार्टमेंटमध्ये मशीन डिझाईन फक्त फॉलला (ऑगस्टच्या सेमिस्टरला) असतं आणि सीनियर डिझाईनचा पहिला भागही फक्त फॉलला. तसं असेल तर मशीन डिझाईन थेट सातव्यात, सीनियर डिझाईन त्याच्या पुढच्या फॉलला, आणि गेलं वर्ष. रूममेट उगाच बोलत नाहीये. तेव्हा पहिलं काम, मशीन डिझाईन स्प्रिंगला असतं का ते शोधायला सांगा. डिपार्टमेंटच्या फ्लोचार्टवर बहुतेक लिहिलेलं असतं, नसेल तर मागच्या दोन-तीन वर्षांची शेड्यूल्स ऑनलाईन उघडून बघायची.

फक्त फॉलला असेल तरी वाट आहे. स्प्रिंगला स्टॅटिक्स परत, आणि समरला कम्युनिटी कॉलेजात मटेरियल्स. टेक्सासमध्ये सगळ्या कॉलेजांचे कोर्स नंबर एका सामायिक यादीत आहेत, स्टॅटिक्स म्हणजे ईएनजीआर २३०१, डायनॅमिक्स २३०२, मटेरियल्स २३३२. पण तो कोर्स त्या समरला त्या कॉलेजात असतोच असं नाही, आणि तिचं डिपार्टमेंट तो धरतं का हे पैसे भरायच्या आधी ॲडव्हायजरकडून ईमेलवर लिहून घ्यायचं. नंबर नीट बघायचा बरं का. फिजिक्स १४०१ आणि फिजिक्स २४२५, दोन्ही चार क्रेडिटचे, दोन्हीत मेकॅनिक्सच शिकवतात, पण पहिल्यात कॅल्क्युलस नाही आणि इंजिनिअरिंगला तो चालत नाही. एपीतही हेच, फिजिक्स वनचा स्कोअर इंजिनिअरिंगच्या फिजिक्सला सहसा लागत नाही, फिजिक्स सी लागतो.

आता ड्रॉप करावं की नाही. स्टॅटिक्समध्ये सगळ्यात वाईट ग्रेड डी. क्रेडिट मिळाल्यासारखं दिसतं, जीपीए खाली येतो आणि साखळी तिथेच अडलेली. सी येणार नाही असं पक्कं दिसत असेल तर ड्रॉप बरं, त्याने जीपीएला धक्का लागत नाही. पण टेक्सासच्या पब्लिक युनिव्हर्सिटीत २००७ च्या फॉलपासून नियम आहे, अख्ख्या अंडरग्रॅडमध्ये सहाच ड्रॉप, आणि त्यात दुसऱ्या पब्लिक कॉलेजातले ड्रॉपही धरले जातात. दुसऱ्या वर्षाला एक वापरला तर आभाळ कोसळत नाही, पण मोजत राहा. आणि ड्रॉप करून १२ क्रेडिट्सच्या (फुल टाइमच्या मर्यादेच्या) खाली जातेय का ते आधी बघा, स्कॉलरशिप असेल तर तिथे फटका बसतो.

हे ठरवण्याआधी तिने एक करावं. दोन्ही मिडटर्मचे पेपर घेऊन टीएच्या (प्रोफेसरच्या असिस्टंटच्या) ऑफिस अवर्सला बसावं आणि आकडेमोड बाजूला ठेवून फक्त फ्री बॉडी डायग्रॅम (वस्तूवरचे सगळे फोर्स दाखवणारं चित्र) तपासावेत. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे मार्क बहुतेक तिथेच गेलेले असतात. पिन सपोर्टला दोन रिॲक्शन्स हव्यात तिथे एकच काढलेली, रोलरला एकच हवी तिथे दोन, ट्रसचा तुकडा कापला पण कापलेल्या मेंबरमधला फोर्स दाखवायचा राहिला. मग पुढची समीकरणं अगदी बरोबर सोडवली तरी उत्तर चूकच येणार. चूक एवढीच असेल तर राहिलेल्या आठवड्यांत ती सुटते, रोज चार-पाच गणितांचे नुसते डायग्रॅम काढायचे, सोडवायचे पण नाहीत. तसं असेल तर मी ड्रॉप करू देणार नाही. पण व्हेक्टर, मोमेंट, सगळीकडेच गडबड असेल तर फिजिक्सचा पाया कच्चा आहे, तेव्हा शांतपणे ड्रॉप करून स्प्रिंगला नीट करावं. आणि प्रोफेसरना सरळ विचारायचं की सी यायला फायनलमध्ये किती लागतील. ते सांगतात.

एपी आणि ड्युअल क्रेडिटबद्दलही लिहितो, कारण आपल्या या मेल यादीवर हायस्कूलवाले पालक बरेच आहेत. आपली मुलं बारावीपर्यंत हिस्टरी १३०१, १३०२, गव्हर्नमेंट २३०५, २३०६, इंग्लिश सगळं उरकून येतात, टेक्सासच्या ४२ तासांच्या कोअरमधलं बरंचसं संपलेलं असतं आणि आईबाबांना वाटतं दीड वर्ष वाचलं. पैसे वाचतात, ते चांगलंच आहे. वेळ मात्र फारसा वाचत नाही, कारण साखळी तेवढीच लांब राहते. आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी थर्मो, डायनॅमिक्स, डिफरन्शियल इक्वेशन्स, मटेरियल्स असं सगळं जडच एकत्र येतं, मध्ये श्वास घ्यायला हलका कोर्स उरलेला नसतो. एखादा ड्रॉप करायची वेळ आली तर १२ क्रेडिट्स भरायला काही शिल्लक नसतं. मी तर सांगतो हिस्टरी-गव्हर्नमेंटमधले एक-दोन मुद्दाम मागे ठेवा. कॅल्क्युलस बीसी मात्र जरूर करा, त्याने साखळीच एक-दोन कड्यांनी पुढे सरकते. टेक्सास ए अँड एमसारख्या ठिकाणी पहिलं वर्ष सगळ्यांना जनरल इंजिनिअरिंग असतं, मेजर वर्षाअखेर मिळतो आणि ३.७५ जीपीए असेल तर हवा तो आपोआप मिळतो. तिथे पहिल्याच सेमिस्टरला सगळं अवघड घेऊन जीपीए पाडून घेऊ नये.

ॲडव्हायजरकडे तिने रिकाम्या हाताने जाऊ नये. तिच्या कॅटलॉग वर्षाचा फ्लोचार्ट (ॲडमिशनच्या वर्षाचे नियम तिला लागू, ताजे नाहीत), ऑडिटची प्रिंट आणि पुढच्या तीन सेमिस्टरचा स्वतः केलेला प्लॅन, दोन प्रकारे, स्टॅटिक्स पास धरून आणि ड्रॉप धरून. अर्ध्या तासाची अपॉइंटमेंट असते, "मी काय घेऊ" विचारलं की ती यादी वाचण्यात संपते, प्लॅन पुढे ठेवला की ॲडव्हायजर त्यातली भोकं दाखवतात. आणि रजिस्ट्रेशन उघडायच्या आठवड्यात नको, तेव्हा बाहेर रांग असते.

वि. गो.

प्रेषक: सौ. प., पेअरलँड

काका खूप छान समजावलंत. माझा भाचा कोल्हापूरहून एफ-वनवर (स्टुडंट व्हिसावर) आलाय, पहिलंच सेमिस्टर, मेकॅनिकलच. त्याचंही एका विषयात वाईट चाललंय आणि त्याने १२ च क्रेडिट घेतलेत. त्याला पण हेच लागू?

प्रेषक: वि. गो.

ताई, त्याने ड्रॉपचं बटण दाबायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसात डीएसओना (परदेशी मुलांच्या व्हिसाचं बघणारे अधिकारी) भेटायचं, ॲडव्हायजरच्याही आधी. एफ-वनवर १२ च्या खाली जायला त्यांची परवानगी आधी लागते, नंतर सांगून चालत नाही, स्टेटसवर येतं. नव्या मुलाला अभ्यासाच्या अडचणीवरून कमी लोड मिळू शकतो, पण त्या पातळीवर एकदाच आणि निदान सहा क्रेडिट्स तरी ठेवावे लागतात. ऑनलाईन कोर्स घेऊन १२ भरायचे म्हणाल तर सेमिस्टरला एकच ऑनलाईन धरला जातो. पुढच्या सेमिस्टरपासून १३-१४ क्रेडिट्स घ्यायला सांगा म्हणजे सारखं काठावर राहायला नको. इंटर्नशिपही पहिलं शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्याशिवाय नाही, सीपीटी (शिकतानाच बाहेर काम करायची परवानगी) त्यानंतर.

आणि त्याला फोनवर ओरडू नका. तिथे त्याला आपलं माणूस तुम्हीच आहात, एखाद्या रविवारी जेवायला बोलवा.

वि. गो.

प्रेषक: रो., मिडटाऊन

वि. गो. काका नमस्कार, मी दोन वर्षांपूर्वी मेकॅनिकल करून आता एचव्हीएसी (इमारतींचं एसी-हीटिंग) डिझाईनमध्ये आहे. एक गोष्ट जोडतो, को-ऑपची (सेमिस्टरभर कंपनीत काम). आमच्यातल्या बऱ्याच जणांनी फॉलमध्ये को-ऑप घेतली आणि फक्त फॉलला असलेला कोर्स हुकला. को-ऑप सोडू नका, माझी नोकरी त्यातूनच लागली, फक्त तो सेमिस्टर चार्टवर आधीच मोकळा करून ठेवा आणि शक्यतो स्प्रिंग प्लस समर मागा. दुसरं म्हणजे एफई परीक्षा (इंजिनिअरच्या लायसन्सची पहिली पायरी) शेवटच्या वर्षातच देऊन टाका, ११० प्रश्न असतात, स्टॅटिक्सपासून हीट ट्रान्सफरपर्यंत सगळं, डोक्यात ताजं असताना जमतं. इमारतींच्या कामात पुढे पीई (ते लायसन्स) लागतं म्हणून मला त्याचा फायदा झाला, ऑटोमोटिव्हमधल्या मित्रांना कुणी विचारतही नाही. टेक्निकल इलेक्टिव्ह घेताना पण कुठलं सोपं यापेक्षा कुठल्या कामात जायचंय ते बघा.

जो. काका, तुमच्या मुलीला माझ्याशी बोलायचं असेल तर नंबर क. दे. मावशींकडे आहे. स्टॅटिक्सला मीही खूप झगडलोय.

प्रेषक: म. जो., केटी

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांची मेल जशीच्या तशी तिला पाठवली. मशीन डिझाईन खरंच फक्त फॉललाच आहे, मागच्या तीन वर्षांची शेड्यूल्स तिने स्वतः काढून बघितली. टीएबरोबर पेपर तपासले, पहिल्या पेपरात सपोर्टच्या रिॲक्शन्सच गंडलेल्या, दुसऱ्यात मात्र मोमेंट घेतानाही चुका आहेत, म्हणजे अगदीच एका बाजूचं नाही. ड्रॉपची तारीख अजून आहे, तोपर्यंत एक क्विझ आहे, ती बघून ठरवणार म्हणते. दोन्ही प्लॅन तिने केलेत, मंगळवारी ॲडव्हायजरकडे जातेय. मी मध्ये पडत नाहीये.

काका, समरला मटेरियल्स आणि त्याच समरला इंटर्नशिप जमते का?

प्रेषक: वि. गो.

मटेरियल्स दहा आठवड्यांच्या सेशनमध्ये आणि संध्याकाळच्या वर्गाला मिळालं तर जमतं, पाच आठवड्यांच्या सेशनमध्ये नोकरी करून नाही. दोन्हींत निवडायचं झालं तर या समरला मटेरियल्स, इंटर्नशिपला पुढचा समर आहे.

शनिवारी फराळाच्या कार्यक्रमाला मी चारलाच येतोय, हॉलच्या मागच्या खोलीत बसेन. इंजिनिअरिंगची जी मुलं घरी आली असतील त्यांनी आपापला फ्लोचार्ट छापून आणावा, मोठ्या कागदावर, फोनवर तो वाचता येत नाही. पेन्सिली मी आणतो.

वि. गो.