घरचा जुना कॉम्प्युटर नवीन विंडोजवर नेला का? तुमचा अनुभव लिहा

सातारा, शाहूपुरी

नमस्कार मंडळी. आमच्या घरी २०१७ ला असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे, सातव्या पिढीचा आय फाईव्ह, ८ जीबी रॅम, अजून व्यवस्थित चालतोय. वडील निवृत्त शिक्षक, रोज सकाळी पूजा झाली की त्याच्यापुढं बसतात, गेली सहा वर्षं गावच्या आठवणी टाईप करतायत. आता विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ साठी तपासलं तर प्रोसेसर चालत नाही म्हणतंय, इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. दुकानात विचारलं तर उत्तर एकच, नवीन घ्या. पण चालती मशीन काढून टाकायला मन होत नाही हो. सध्या एक वर्षाचे जादा सिक्युरिटी अपडेट घेतलेत, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत, नोंदणीचा पर्याय सेटिंगमधे अपडेटच्या पानावरच असतो. पण पुढचं ठरवायलाच पाहिजे. ज्यांनी घरच्या मशीनवर काही केलंय त्यांनी कसं केलं, कुठं अडलं, काय गेलं ते सगळं लिहा, फसलेलं पण लिहा, त्याचाच जास्त उपयोग होईल.

सांगली, विश्रामबाग

माझ्या मशीनला पण आधी चालणार नाही असंच आलेलं, दहाव्या पिढीचा आय थ्री असून. टीपीएम २.० (११ ला लागणारी सुरक्षेची चिप) सापडत नाही म्हणे. ती चिप वेगळी विकत आणायची गरज नसते, एवढ्यातल्या इंटेलमधे ती सोय असतेच, फक्त बायोसमधे (मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंगमधे) पीटीटी या नावाखाली बंद असते, एएमडी असेल तर एफटीपीएम बघा. ते चालू केलं तर पुढं सिक्युअर बूटला (चालू होतानाची सुरक्षा तपासणी) अडलं, कारण डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची होती. विंडोजमधलंच एमबीआर टू जीपीटी टूल वापरून ती डेटा न घालवता बदलता येते, तरी मी आधी सगळं बाहेर काढून घेतलं. आणि ते झाल्यावर बायोसमधे चालू व्हायची पद्धत लेगसीची यूईएफआय करायचं लक्षात ठेवा, माझं राहिलं होतं आणि मशीन चालूच होईना, पोटात गोळा आला होता. मग अपग्रेड ६४ टक्क्यांवर असताना लाईट गेली! आमच्या इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि ट्यूब. लाईट आल्यावर मशीन आपणहून पहिल्या विंडोजवर परत गेलं, फाईली होत्या तशा होत्या, पण ते होईपर्यंतचा पाऊण तास मी खुर्चीवरनं उठलो नाही. दुसऱ्यांदा शेजारनं यूपीएस मागून आणला, रात्री अकराला सुरू केलं, दीडला झालं.

विटा

२०२१ चा लॅपटॉप, अपडेटमधे आपोआप आलं, दीड तास लागला, काही गेलं नाही. स्टार्टचं बटण मधे आल्यामुळं आईला सापडेना, सेटिंगमधनं परत डावीकडं घेऊन दिलं.

वाई

मी फॉन्टचं लिहिते, वडील टाईप करतात हे वाचून राहवलं नाही. माझे सासरे कीर्तनकार, वीस वर्षांची टिपणं कॉम्प्युटरवर. ज्याला काम दिलं त्यानं नवीन ११ टाकून दिलं, फाईली डी ड्राईव्हला होत्या त्या सगळ्या जागेवर, उघडत पण होत्या, पण आत नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, एक शब्द मराठी नाही. सासरे चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावून बघत राहिले आणि "गेलं का गं सगळं?" एवढंच म्हणाले. मला रडूच आलं.

गेलेलं नव्हतं. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणारी पद्धत) नसतो, आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, तो फॉन्ट मशीनवर असला तरच मराठी दिसतं. आणि फॉन्ट राहतात सी ड्राईव्हच्या विंडोज फोल्डरमधे, तिथला बॅकअप आम्ही घेतलाच नव्हता. पण त्या माणसानं सी ड्राईव्ह फॉरमॅट न करता वरच इन्स्टॉल केलं होतं म्हणून विंडोज डॉट ओल्ड नावाचा फोल्डर शिल्लक होता. तो दहा दिवसांनी आपोआप पुसला जातो आणि तो आमचा आठवा दिवस होता. त्यातला फॉन्टचा फोल्डर पेनड्राईव्हवर घेतला, आमचा फॉन्ट शोधून राइट क्लिक, इन्स्टॉल, फाईल परत उघडली तर पहिल्याच ओळीला "जय जय रामकृष्ण हरी". सासऱ्यांनी हात जोडले. आता रोज चार पानं कन्व्हर्टरमधनं युनिकोडला आणतेय, जोडाक्षरं आणि रफार बिघडतात ते डोळ्यांनी तपासावे लागतात. नवीन टायपिंगला विंडोजमधलाच मराठी फोनेटिक कीबोर्ड लावलाय, २०१९ च्या अपडेटपासून तो आतच मिळतो. तर दादा, वडिलांच्या फाईली कुठल्या फॉन्टमधे आहेत ते आजच बघा.

सांगली, मार्केट यार्ड

आमची हळदीची अडत. घरच्या कॉम्प्युटरवर वडलांच्या काळापासनं डॉसमधला हिशोबाचा प्रोग्रॅम, शेतकऱ्याची पट्टी त्यातनंच निघायची, अडत हमाली तोलाई वजा होऊन. विंडोज ७, बत्तीस बिटचं, त्यामुळं चालत होतं. भावानं ११ ची नवीन मशीन आणली आणि प्रोग्रॅम कॉपी केला तर उघडायलाच तयार नाही, कारण ११ येतंच फक्त ६४ बिटमधे आणि त्यावर आमच्या प्रोग्रॅमसारखं १६ बिटचं काही चालत नाही. डॉसबॉक्स (जुने डॉस प्रोग्रॅम नवीन मशीनवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला तर उघडला, खाती सगळी दिसली, पण डॉट मॅट्रिक्सला प्रिंट काही जाईना, दोन रविवार त्यात घालवले. शेवटी जुनी मशीन ठेवली, तिची नेटची वायर कायमची काढून टाकली, जुनी खाती बघायला तेवढीच. एप्रिलपासनं नवीन सॉफ्टवेअर, पण पहिले दोन महिने दोन्हीकडं लिहिलं, टोटल पैशापर्यंत जुळली तेव्हाच जुनं थांबवलं. वडलांना त्या प्रिंटरचा आवाज आला नाही की करमत नाही, अजून आतनं विचारतात पट्टी निघाली का म्हणून.

मिरज

आमच्याकडं अपग्रेड नीट झालं, पुढं बायोसचं अपडेट आलं आणि लॅपटॉपनं निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. आम्ही कधी कसलंच लॉक लावलं नव्हतं. पण मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते आणि ती की त्या अकाउंटमधे जाऊन बसते. अकाउंट कुणाचं, तर घेताना ज्या दुकानातल्या मुलानं चालू करून दिलेला त्याचं! तो मुलगा आता पुण्याला, नंबर बदललेला. आईचे शेवटच्या वर्षातले सगळे फोटो त्या एका लॅपटॉपवर, दुसरीकडं कुठंच नाहीत. तीन दिवसांनी त्याच्या मावशीकडनं नंबर मिळाला, बिचाऱ्यानं ड्युटीवरनं फोनवर सहा सहा आकडे वाचून दाखवले, मी लिहून घेतले, परत वाचून दाखवले, मग टाकले. लॅपटॉप उघडला. त्याच संध्याकाळी स्वतःचं अकाउंट काढलं, की छापली, एक प्रत गॅसच्या पुस्तकात आणि एक बहिणीकडं. कुणाच्या अकाउंटनं लॅपटॉप चालू आहे ते सगळ्यांनी बघाच, कळकळीनं सांगतेय.

कराड

शाहूपुरीकर, तुमच्यासारखीच माझी केस, उलट अजून जुनी, तिसऱ्या पिढीचा आय थ्री, २०१२ चा. अटींना बगल देऊन ११ टाकायचे मार्ग आहेत, रुफस या सॉफ्टवेअरनं इन्स्टॉलचा पेनड्राईव्ह करताना अटी वगळता येतात, पण तसल्या मशीनला पुढं अपडेट मिळतीलच अशी खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. २४० जीबीची एसएसडी (वेगवान डिस्क) घातली, रॅम ४ ची ८ केली आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ टाकलं, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे आधी पेनड्राईव्हवरनंच चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता, तेव्हा वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं तपासून घ्या. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लगेच मिळाला. पूर्वी चालू करून चहा ठेवायचो, चहा गाळेपर्यंत डेस्कटॉप यायचा, आता खुर्ची ओढेपर्यंत येतो. जुने फॉन्ट तिथंही घालता येतात, पण वर्डमधली मांडणी लिब्रेऑफिसमधे (तिथलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) कुठं कुठं हलते, हे आधी सांगून ठेवतो.

सांगली, गावभाग

सगळे बॅकअप म्हणतायत म्हणून लिहितो. २०१९ च्या पुरात आमचं कॅबिनेट टेबलाखाली आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच खोलीत कपाटाच्या खालच्या खणात. चिखल काढताना दोन्ही हातात आलं, वाळवून बघितलं, एकही सुरू झालं नाही. मुलीचं बारसं, पहिला वाढदिवस, काही उरलं नाही. आता एक कॉपी घरात वरच्या मजल्यावर आणि एक पलूसला मेव्हण्याकडं, दर दिवाळीला नवीन भरून देतो.

सातारा, शाहूपुरी

सगळ्यांचे मनापासून आभार. वाईच्या ताईंचं वाचून लगेच वडलांच्या फाईली उघडल्या, पहिल्या तीन वर्षांच्या जुन्या फॉन्टमधेच निघाल्या, पुढच्या युनिकोड. फॉन्ट आणि फाईली दोन हार्डडिस्कवर घेतल्या, एक उद्या कोरेगावला काकांकडं जाईल. काल रात्री मिंट पेनड्राईव्हवरनं चालवलं, वायफाय लागलं, प्रिंटर लागला, वडलांनी त्यावर स्वतः एक पान टाईप करून बघितलं आणि अनुस्वार कुठं आहे विचारलं. कराडकर, लिब्रेऑफिसमधे त्यांची ती तक्त्यांची पानं हलतायत, ती कशी बसवायची तेवढं सांगता का?