मदत हवी आहे: कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची भेसळ कशी ओळखायची?

नमस्कार. मी जळगावला एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव रावेर तालुक्यात, पालच्या बाजूला.

आव झाली की आमच्याकडे पांढऱ्या कुड्याची साल ताकात उगाळून देतात. गेल्या पावसाळ्यात घरची साल संपली, म्हणून मी बाजारातून आणली. आजीने जिभेला लावली आणि म्हणाली, "ही कुड्याची नाही बाई, कडूच लागत नाही." तिथूनच माझा प्रकल्प सुरू झाला.

पांढऱ्या कुड्याच्या सालीत कोनेसिन हे स्टेरॉइडच्या सांगाड्याचं अल्कलॉइड (वनस्पतीतलं नायट्रोजन असलेलं, अल्कधर्मी द्रव्य) असतं. काळा कुडा हे दिसायला सारखं, पण वेगळं झाड; त्याच्या सालीत ल्युपिऑल, बीटा-सिटोस्टेरॉल अशी वेगळीच द्रव्यं. झाड समोर असेल तर फसायला होत नाही: काळ्या कुड्याच्या जोडशेंगा कोवळ्या असताना टोकाला चिकटलेल्या असतात. पण वाळलेल्या सालीच्या तुकड्यांवरून काय कळणार?

मामांनी पांढऱ्या कुड्याची साल झाड बघून काढून आणली. ती आणि बाजारातली, दोन्हींची ५० ग्रॅम पूड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवली, गाळली, अमोनिया घालून अल्कधर्मी केली आणि क्लोरोफॉर्मने अर्क काढला. क्लोरोफॉर्म उडवून उरलेलं परत आम्लात विरघळवून ड्रॅगेनडॉर्फ (अल्कलॉइड असेल तर नारिंगी साका देणारं द्रावण) घातलं. मामांच्या सालीला भरपूर नारिंगी साका आला. बाजारातलीला नुसता गढूळपणा. म्हणजे पूर्ण काळा कुडा, की थोडा पांढराही मिसळलाय?

म्हणून टीएलसी (प्लेटवरच्या पातळ थरावर द्रव्यं वेगळी करायची पद्धत) केली, तिथे अडले आहे. सिलिका प्लेटवर क्लोरोफॉर्म-मिथेनॉल ९:१ मध्ये डाग शेपटीसारखा ओढला जातो. कोनेसिन यूव्ही दिव्याखाली दिसत नाही, त्यामुळे डागाला रंग देणाऱ्या फवाऱ्याशिवाय इलाज नाही. टोल्युईन, इथाइल अॅसिटेट, डायइथाइलअमाइन ७०:२०:१० वापरलं तर शेपूट जाईल का? कोणी कुड्यावर वापरलंय का? आणि शुद्ध कोनेसिन विकत घेणं परवडत नाही. मामांच्या सालीचा अर्कच तुलनेला शेजारी लावला तर मार्गदर्शकांसमोर टिकेल का?

प्लेटचे आणि शेंगांचे फोटो हवे असतील तर टाकते. आजीला चवीवरून कळतं, पण आमच्या गल्लीत आणखी तीन घरांनी त्याच दुकानातून साल आणून ठेवली आहे आणि त्यांच्याकडे लहान मुलं आहेत. त्यांना नुसतं "कडू लागत नाही" एवढ्यावर फेकून द्या कसं सांगू?