मदत हवी आहे : ग्लूटेन फ्री ब्रेकफास्ट सिरीयल, घरात सगळ्यांना एकच चालेल असं

लेकीला सीलिअ‍ॅक निघालंय. म्हणजे गहू, बार्ली (जव), राय (गव्हासारखंच एक धान्य) यांतलं ग्लूटेन नावाचं प्रोटीन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्याला इजा करतं. रक्ततपासणी झाली, मग एंडोस्कोपी पण झाली, त्यामुळे शंकेला जागा नाही, ग्लूटेन कायमचं बंद. जेवणाचं बऱ्यापैकी बसलंय, पण सकाळी गाडी अडते. शाळेच्या गडबडीत वाटीत ओतलं, दूध घातलं, संपलं असं काहीतरी हवंय. आणि तिच्या एकटीसाठी वेगळा डबा नकोय मला, धाकटा आणि नवरा पण तेच खातील असं बघतेय, कारण दोन डबे शेजारी ठेवले की इकडचा चमचा तिकडे जाणारच, आमच्या घरातले लोक ओळखून आहे मी.

कॉर्नफ्लेक्स म्हणजे मका, बिनधास्त द्या, असं जो तो सांगतो. पण पॅकच्या मागे बघितलं तर बऱ्याच कॉर्नफ्लेक्समध्ये आणि तांदळाच्या कुरकुरीत सिरीयलमध्येसुद्धा चवीसाठी बार्ली माल्ट असतं. बार्ली म्हणजे ग्लूटेन आलंच की! बरं, जी खरोखर ग्लूटेन फ्री आहेत त्यातली निम्मी नुसती साखर वाटतात, फायबर नावाला. शिवाय साध्या सिरीयलमध्ये वरून लोह, फॉलिक अ‍ॅसिड घातलेलं असतं, ते यांच्यात बरेचदा नसतं, आणि हिचं हिमोग्लोबिन आधीच कमी आहे.

ओट्सचं तर डोकंच चालत नाहीये. ग्लूटेन फ्री लिहिलेले ओट्स लगेच द्यायचे की थांबायचं? कोणी काय केलं सांगा प्लीज.

प्रतिसाद :
पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात काय लिहिलंय ते सोडून द्या, ‘व्हीट फ्री’ने तर अजिबात फसू नका, त्यात राय किंवा बार्ली असू शकते. ‘ग्लूटेन फ्री’ असंच लिहिलेलं हवं. त्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम, म्हणजे 20 पीपीएम. स्पेल्ट कुठे दिसलं तर तोही गहूच. उलट बक्व्हीट नावाला घाबरू नका, त्याचा गव्हाशी काही संबंध नाही, फ्लेक्स मिळतात त्याचे. आमच्याकडे फुलवलेला तांदूळ, फुलवलेला क्विनोआ आणि बक्व्हीट फ्लेक्स एकत्र करून ठेवतो, वरून बदाम आणि भोपळ्याच्या बिया, गोड लागतं तेवढं फळ. साखर आपल्या हातात राहते. फक्त सुटं विकतात तिथून काही घेऊ नका, एकच डाव सगळ्या डब्यांत फिरतो.

प्रतिसाद :
ओट्समध्ये गव्हासारखं ग्लूटेन नसतं, घोळ होतो तो शेतात, ट्रकमध्ये आणि गिरणीत गहू-बार्ली मिसळल्यामुळे. म्हणून साधे ओट्स नकोच. पण शुद्ध ओट्ससुद्धा थोड्या लोकांना सोसत नाहीत, त्यातलं अ‍ॅव्हेनिन नावाचं प्रोटीन त्रास देतं. त्यामुळे बरेच डॉक्टर आधी लक्षणं आणि रक्तातल्या अँटीबॉडीज (या आजाराच्या रक्ततपासणीत त्याच बघतात) खाली येऊ देतात, मग थोडेथोडे सुरू करतात. लोहाचं मात्र सिरीयलवर सोडू नका, तपासून डॉक्टर देतील ते घ्या.

आणि एक विचारायचं होतं, धाकट्याची आणि तुम्हा दोघांची टेस्ट झाली का? आई-वडील आणि सख्ख्या भावंडांत साधारण दहातल्या एकाला निघतं, काहींना तर काहीच लक्षणं नसतात. घरातलं सगळंच ग्लूटेन बंद केलंत आणि नंतर टेस्ट केली तर अँटीबॉडीज उतरलेल्या असतात, रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. आधी टेस्ट, मग कपाट बदला.

धागाकर्ती :
बापरे, हे कोणी बोललंच नव्हतं. धाकटा आणि नवरा ब्रेड-बिस्किटं खातायत अजून, म्हणजे नुसतं सिरीयल बदललं तर टेस्टला अडचण येऊ नये, पण तरी डॉक्टरांना विचारून तिघांची टेस्ट आधी उरकून घेते. ओट्स तूर्तास बाजूला.

ते मिश्रण करून बघते. बक्व्हीट फ्लेक्स दुधात किती वेळ कुरकुरीत राहतात? धाकटा मऊ पडलं की वाटी सरकवून देतो, आणि थोरली त्याचं बघून शिकते.