लोकगीत गिटारवर बसवताना: डॅडगॅड लावायची की कॅपोवर भागवायचं?

(खर्ज, पाचवा फ्रेट आणि आसावरी या तिघांची चर्चा. डॅडगॅड ही गिटारच्या तारा लावायची एक वेगळी जुळणी; कॅपो म्हणजे मानेवर तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा.)

खर्ज:
चाल षड्ज-पंचमाच्या आसेवर, म्हणजे सतत घुमणाऱ्या सा-प सुरांवर उभी असेल, तर पहिल्या दिवसापासून डॅडगॅड लावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नेहमीच्या जुळणीतून (जाड तारेकडून ई, ए, डी, जी, बी, ई) सहावी, दुसरी आणि पहिली, एवढ्या तीनच तारा दोन-दोन फ्रेटइतक्या (फ्रेट म्हणजे मानेवरचे आडवे पडदे) उतरवायच्या. जाड तारेकडून डी, ए, डी, जी, ए, डी; डीला सा मानलं तर सा प सा म प सा. यात गंधारच नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. कित्येक लोकगीतांत गंधार एका ओळीत कोमल, दुसरीत शुद्ध लागतो. मेजर किंवा मायनर कॉर्ड (एकत्र वाजणारे ठरावीक स्वर) धरला की त्यातला गंधार चालीशी भांडतो. इथे पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला कोमल ग, चौथ्याला शुद्ध, आणि खाली सा-प घुमत राहतात. डेव्ही ग्रॅहम यांनी 1960च्या दशकात ही जुळणी रुळवली, तेव्हापासून लोकसंगीत वाजवणाऱ्यांनी ती सोडलेली नाही.

पाचवा फ्रेट:
शिकणाऱ्यासाठी मला हे पटत नाही. तीन तारा हलवल्या की हाताला बसलेले सगळे कॉर्ड मोडतात आणि गाणं बाजूला राहतं. फक्त सहावी तार डीवर आणा, डी कॉर्डचा आकार धरा. दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला सा, पहिली मोकळी रे, दुसऱ्याला ग, तिसऱ्याला म, पाचव्याला प. सा ते प हात जवळजवळ जागेवरच. डॅडगॅडमध्ये तोच प पहिल्या तारेवर सातव्या फ्रेटला जातो. नवीन शिकायचं ते एवढंच, की जी कॉर्डचा खर्ज सहाव्या तारेवर तिसऱ्याऐवजी पाचव्या फ्रेटला मिळतो. मग गळ्याप्रमाणे कॅपो: काळी 2 (पेटीवरची पट्टी) हवी तर पहिल्या फ्रेटला, पांढरी 4 हवी तर तिसऱ्याला. शिवाय 10च्या (पहिली तार 0.010 इंच जाड) बारीक संचावर तारा उतरवल्या की त्या ढिल्या पडून फ्रेटवर खणखणतात.

खर्ज:
बारीक तारांचं बरोबर आहे, 12चा संच लावावा. पण तुमच्या जुळणीत दुसरी मोकळी तार ध आणि पहिली रे. चालीच्या मध्ये त्या वाजल्या की आस डागाळते, म्हणून प्रत्येक वेळी बोटाने दाबून गप्प कराव्या लागतात. शिकणाऱ्याला ते जास्त जड जातं.

आसावरी:
दोघांच्याही तक्रारी निम्म्या तरी घाईने सूर लावल्यामुळे येतात. आधी कॅपो काढा. तार हव्या त्या स्वराच्या थोडी खाली न्या आणि चढवत स्वरावर आणा. वरून उतरत येऊन थांबलात, तर नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकवणाऱ्या तुकड्याच्या) खाचेत अडकलेला ताण दोन ओळी वाजवल्यावर सुटतो आणि तार आणखी उतरते. तीन तारा सैल झाल्या की मानेवरचा ओढा बदलतो, उरलेल्या तीन किंचित चढतात. म्हणून सहाही पुन्हा तपासा. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे, खणखण थांबेल इतक्याच दाबाने. जास्त दाबलात की तारा, विशेषतः जाड, चढ्या बोलतात. शेवटी कॅपोसकट एकदा सूर बघा.

आणि एक तिसरी वाट आहे. नेहमीच्या जुळणीत, फक्त पाचवी, चौथी आणि तिसरी तार दाबणारा अर्धा कॅपो दुसऱ्या फ्रेटला लावा. मोकळ्या तारा ई, बी, ई, ए, बी, ई होतात. तेच सा प सा म प सा, पट्टी पांढरी 3.

पाचवा फ्रेट:
हे चालेल! कॅपोच्या पुढे दाबलेले स्वर जुन्याच जागी राहतात, माझा मुख्य आक्षेप तिथे संपतो.

खर्ज:
माझा संपत नाही. डॅडगॅडमधली सहावी तार दोन फ्रेट खाली जाते, ती खोली इथे नाही. तुम्ही पट्टी उलट वर नेलीत. कॅपोची कड दुसऱ्या तारेला जरा जरी टेकली तरी ती बद्द वाजते, तेही बघावं लागतं. उंच गळ्याला हा उपाय ठीक. खर्जात गाणाऱ्याने खुंट्याच फिरवाव्यात.