इंजिन तापल्यावर आयडलिंगला गाडी बंद पडते: दोष कुठे शोधावा?

चौथा_गिअर (प्रश्न)

माझी गाडी पेट्रोल इंजेक्शनची आणि मॅन्युअल गिअरची आहे. थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) इलेक्ट्रॉनिक असून एअर फिल्टरच्या पुढे मास एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) बसवलेला आहे. थंड इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू होते आणि व्यवस्थित चालते. मात्र ते पुरते तापल्यावर वेग कमी करून क्लच दाबला, की आरपीएमचा काटा ७५० च्या आसपास स्थिरावण्याऐवजी ५०० च्या खाली घसरतो, स्टिअरिंग थरथरते आणि इंजिन बंद पडते. सेल्फ मारल्यावर लगेच सुरू होते, आणि अॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवला तर बंद पडत नाही. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर बदलूनही फरक पडला नाही, म्हणून आता गॅरेजमधून फ्युएल पंप बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. तो खर्च करण्यापूर्वी काय तपासून घ्यावे?

पाना_पक्कड

पंपाची घाई करू नका. पंप कमकुवत झाला, तर त्याची लक्षणे जिथे पेट्रोलची मागणी सर्वाधिक असते तिथे, म्हणजे चढावर किंवा ओव्हरटेक करताना, आधी दिसतात. आयडलिंगला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, लागणारे पेट्रोल इतके थोडे असते की थकलेला पंपसुद्धा तेवढे सहसा पुरवतो. तुमच्या गाडीचे वर्तन याच्या नेमके उलट आहे.

आयडलिंगला थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिनात जाणारी हवा मुळातच थोडी असते, त्यामुळे एखाद्या फटीतून शिरलेली जरा जास्तीची हवाही प्रमाणाने मोठी ठरते. ही हवा मास एअरफ्लो सेन्सरला वळसा घालून येत असल्याने ईसीयूच्या (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाच्या) हिशेबात ती धरलीच जात नाही आणि त्या मानाने पेट्रोल कमी पडते. थंड इंजिनाला ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल देतो आणि आरपीएमही वर ठेवतो, म्हणून तेव्हा दोष झाकला जातो.

ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे आणि दोषांचे कोड वाचणारे उपकरण) जोडून इंजिन गरम असताना शॉर्ट टर्म (तात्पुरत्या) आणि लाँग टर्म (दीर्घकाळच्या) फ्युएल ट्रिमचे आकडे आधी आयडलिंगला आणि मग २५०० आरपीएमला टिपून घ्या. ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयूने पेट्रोलात केलेली वाढ किंवा कपात त्यात टक्क्यांत दिसते.

चौथा_गिअर

आकडे असे आहेत: आयडलिंगला लाँग टर्म अधिक १६ आणि शॉर्ट टर्म अधिक ६, २५०० आरपीएमला दोन्ही मिळून अधिक ४. दोषाचा कोणताही कोड नोंदलेला नाही.

पाना_पक्कड

मग चित्र बरेच स्पष्ट आहे. बेरीज साधारण उणे १० ते अधिक १० च्या आत असावी. तुमची आयडलिंगला २२ आहे आणि रेस वाढवताच खाली येते. पंपाकडून पेट्रोल कमी पडत असते, तर रेस वाढवल्यावर आकडा चढला असता; म्हणजे कुठूनतरी जास्तीची हवा शिरते आहे. कोडची मर्यादा बहुधा ओलांडली गेली नसावी, म्हणून दिवा लागलेला नाही.

आता इनटेक मॅनिफोल्डला (थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या भागाला) जोडलेल्या नळ्या पाहा: ब्रेक बूस्टरची, पीसीव्हीची (इंजिनाच्या खालच्या भागातली वाफ परत ओढणारी) आणि पर्ज व्हॉल्व्हची (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी). गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेकवर उभी ठेवून, पकडीच्या जबड्यांना कापड गुंडाळून, एकेक रबरी नळी मॅनिफोल्डच्या अगदी जवळ क्षणभर दाबा. ज्या नळीला दाबल्यावर काटा सावरतो आणि ट्रिम उतरू लागते, गळती त्याच वाटेवर आहे असे समजावे. पीसीव्हीची नळी वरून पाहून सोडू नका, कारण तिचे कोपर सहसा खालच्या अंगाने तडकते. क्लीनरचा फवारा मारून गळती शोधण्याची पद्धत बरेच जण सुचवतील, पण तापलेल्या एक्झॉस्टजवळ तो पेट घेऊ शकतो. सोय असेल तर स्मोक टेस्ट (आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहणे) करून घ्यावी.

निळा_धूर

एक पुरवणी. ज्या गाड्यांत मास एअरफ्लोऐवजी केवळ मॅप सेन्सर असतो, त्यांत वरचा निकष जसाच्या तसा लावू नये. तिथे शिरलेली हवा मॅनिफोल्डच्या दाबात मोजली जाते, त्यामुळे आयडलिंग पडण्याऐवजी उलट चढलेले आढळते. पर्ज व्हॉल्व्हसाठी आणखी सोपी चाचणी आहे: त्याचा विजेचा कनेक्टर काढला की तो बंद राहायला हवा, तरीही कॅनिस्टरच्या (टाकीतली वाफ साठवणाऱ्या डब्याच्या) बाजूच्या तोंडावर बोट ठेवल्यावर ओढ जाणवली, तर तो उघडा अडकला आहे. टाकी भरल्यानंतर लगेच गाडी बंद पडत असेल, तर सर्वांत आधी हाच तपासावा.

चौथा_गिअर

पीसीव्हीचे कोपरच निघाले. वरून ते धडधाकट दिसत होते. काढून वाकवल्यावर खालच्या बाजूने बोटाच्या पेराएवढी चीर उघडली, आणि तेलाने फुगलेले रबर तिथे हाताला चिकट लागत होते. कोपर बदलल्यावर आयडलिंगची बेरीज अधिक ३ वर आली असून गाडी बंद पडणे थांबले आहे. मात्र एसी सुरू होताना काटा अजूनही डुचमळतो. हा वेगळा दोष समजावा का?

पाना_पक्कड

थ्रॉटल बॉडीवर कार्बन साचला असावा. इग्निशन बंद ठेवून, थ्रॉटल क्लीनरने ओलसर केलेल्या कापडाने झडपेची कड आणि भोवतालची भिंत पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने जोर लावून उघडू नये, आतले गिअर प्लॅस्टिकचे असू शकतात. हाच क्लीनर मास एअरफ्लो सेन्सरवर मात्र वापरू नका. त्याचा क्लीनर वेगळा मिळतो.

साफसफाईनंतर काही काळ आयडलिंग चढलेले राहू शकते, कारण ईसीयूने झडप किती उघडायची याचा अंदाज मळलेल्या थ्रॉटलवरून बांधलेला असतो. आयडल रीलर्निंगची (ईसीयूला हा अंदाज नव्याने बांधायला लावण्याची) पद्धत प्रत्येक गाडीत वेगळी असल्यामुळे ती सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहूनच करावी. त्यानंतर एसी, दिवे आणि ब्लोअर एकदम चालू करून काटा पाहा. भार पडताच तो किंचित खाली जाऊन लगेच सावरला, तर थ्रॉटल ठीक आहे. तरीही डुचमळत राहिला, तर आयडलिंगला बॅटरीच्या टोकांवरचे व्होल्टेज मोजा. ते साडेतेराच्या बरेच खाली असेल, तर पुढची तपासणी अल्टरनेटरची (इंजिनावर चालून वीज पुरवणाऱ्या जनित्राची) करा.