पाचवीची एक वजाबाकी आणि चार प्रकारची उत्तरं

डोंगरपट्टा (१४ जुलै)

नमस्कार. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. यंदा पाचवी माझ्याकडे, पट ३१. त्यातली नऊ मुलं ऊसतोड कामगारांची. टोळ्या निघाल्या की काही हंगामी वसतिगृहात थांबतात, पण घरी धाकटं भावंड असेल तर त्याला सांभाळायला थोरल्याला जावंच लागतं. मग ते पोर एकदम कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे उसाचा हंगाम संपल्यावर, वर्गात उगवतं. दुसरीपासून असंच चाललंय त्यांचं.

शुक्रवारी तोंडी गणित सांगितलं, 'पाचशे तीन वजा दोनशे अठ्ठ्याहत्तर'. दोघं गैरहजर होते. बाकी २९ पाट्या गोळा करून बघितल्या:

८ जणांचं उत्तर २२५
६ जणांचं २३५
११ जणांचं ३७५
आणि चौघांनी मुळात संख्याच ५००३ अशी मांडलेली.

मागे हुशार, मध्यम, कच्चे असे तीन गट केले होते. गटांना फुलांची नावं दिली, पण दुसऱ्याच दिवशी मुलं मोगरा गटाला 'ढ गट' म्हणायला लागली. एक मुलगी तिथे जाताना अख्खं दप्तर उचलून गेली, जणू शाळा सोडल्याचा दाखलाच हातात दिला. मी ते गट मोडले.

आता दोन्हीकडून मार आहे. वरच्या आठांपैकी पाच नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला बसणार, त्यांचे पालक रोज गेटवर. खालच्यांचं म्हणाल तर पाचवीला वार्षिक परीक्षा आणि पुनर्परीक्षा आलेली आहे. प्रशिक्षणात 'प्रत्येक मुलाच्या गतीने' हे ऐकून झालंय. सोमवारी साडेदहाला वर्गात गेल्यावर काय करू, एवढंच सांगा.

साखरशाळा७७ (१४ जुलै)

विषयमित्र करा. हुशार पोराच्या शेजारी कच्चं पोर. आमच्याकडे मस्त चालतं, दोन महिन्यांत सगळे लायनीवर.

पाटीवाली (१५ जुलै)

सर, तुम्ही पाट्या गोळा करून उत्तरं मोजलीत, तिथेच निम्मं काम झालं. गट हुशारीचे करू नका, चुकीचे करा. तुमच्याकडे कच्ची मुलं एकवीस नाहीत, तीन वेगळ्या अडचणी आहेत.

३७५ वाल्यांनी प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं. आठातून तीन पाच, सातातून शून्य सात, पाचातून दोन तीन. त्यांच्या लेखी वर-खाली काही नसतंच. २३५ वाल्यांना हातचा येतो, शून्यापाशी फसतात. ५००३ वाल्यांना वजाबाकीपर्यंत न्यायचंच नाही अजून. ते ऐकतात तसं लिहितात: पाचशे, मग तीन.

मी माण तालुक्यात बावीस वर्षं शिकवते. सुरुवातीची दहाएक वर्षं 'शेजारच्याकडून हातचा घे' म्हणत आले. एकदा एका पोरानं विचारलं, 'बाई, घेतला तर परत कधी करायचा?' त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून तो शब्दच टाकला. मी 'मोड' म्हणते. आठवडी बाजारात आईबरोबर गेलेल्या प्रत्येक पोराला शंभराची मोड कळते.

कागदाच्या नोटा करा, शंभराच्या, दहाच्या, एकच्या. लग्नपत्रिकांची मागची कोरी बाजू चालते, गावात तोटा नाही. ३७५ वाल्यांना सतरंजीवर घ्या. एकाच्या हातात ५०३ द्या: शंभराच्या पाच, एकच्या तीन, दहाची एकही नाही. 'मला आठ सुटे दे.' तो तीन देतो आणि थांबतो. थांबू द्या. आपली जीभ इथेच वळवळते, ती आवरायची. कोणीतरी म्हणतंच, 'मोड आणू का?' मी बँक होऊन बसते. शंभराच्या एका नोटेच्या दहाच्या दहा, त्यातल्या एकीचे दहा सुटे. आता हातात चार शंभर, नऊ दहा, तेरा सुटे. २३५ वाले नेमके इथेच चुकतात. सुट्यांसाठी दहाची एक नोट गेली हे विसरून दहाच धरून बसतात. नोटा हातात असल्या की विसरता येत नाही. त्यांना बहुतेक एकच दिवस पुरतो.

५००३ साठी एक लांब पट्टी, तिच्यावर ५००. एक छोटी, फक्त एका आकड्याएवढी, तिच्यावर ३. छोटी पट्टी लांब पट्टीच्या उजव्या टोकावर ठेवली की ५०३ दिसतं, शून्य खाली झाकलं जातं. आधी शतकाच्या, मग दशकाच्या पट्ट्या. रोज दहा मिनिटं. याला वेळ लागतो, घाई केलीत तर वाया जाईल.

आता दप्तराचं. गटात जाताना फक्त पाटी-पेन्सिल, दप्तर जागेवरच. गट वीस मिनिटांचा. घंटा वाजली की संपला, चार दिवसांनी नवी पाट्यांची तपासणी. गटाला नाव नको, जागा सांगायची: दारापाशी, खिडकीपाशी. आणि मराठीच्या तासाला माणसं बदललीच पाहिजेत. माझ्या वर्गात वजाबाकीत सतरंजीवर बसणारा एक मुलगा प्रकट वाचनात सगळ्यांच्या पुढे होता. खिडकीपाशी तोच दुसऱ्यांचं वाचन ऐकून घ्यायचा, त्यामुळे ढ म्हणायची सोय राहिली नाही.

खरी ग्यानबाची मेख वेगळीच. तुम्ही सतरंजीवर अकरा जणांत असताना बाकीचे वीस काय करतात? पहिल्या वर्षी माझ्याकडे दोघांनी एकमेकांच्या पाट्या फोडल्या. आता जूनचा पहिला आठवडा मी नुसती त्याचीच सवय लावते. मी सतरंजीवर असेपर्यंत 'बाई, पुढे काय' म्हणून कोणी यायचं नाही. अडलं तर तिथे गोल करून पुढचं गणित घ्यायचं, नाहीतर शेजाऱ्याला कानात विचारायचं. सुरुवात पाच मिनिटांनी, मग दहा, मग वीस. तुमचा जुलै निघालाय, पण तरीही हे आधी करा, नोटा नंतर.

वरच्या आठांना आणखी वीस गणितं देऊ नका, ती शिक्षा होते. 'उत्तर २२५ येईल अशा पाच वजाबाक्या बनवा, प्रत्येकीत दोनदा मोड लागली पाहिजे.' दुसऱ्या दिवशी: '५०३ वजा २७८ बरोबर ३७५ असं कोणी लिहिलं, तर त्यानं काय केलं असेल?' कोणाचं नाव न घेता. तासभर डोकी वर येत नाहीत.

साखरशाळा७७, विषयमित्र मीही करते, पण माझ्या वर्गात मित्राच्या हातात पेन्सिल नसते. पेन्सिल असली की तो उत्तर लिहून मोकळा होतो, आणि आपल्याला वाटतं दोन महिन्यांत सगळे लायनीवर.

समावेशित (१५ जुलै)

तालुक्याला विशेष शिक्षक म्हणून काम करतो. पाटीवाली बाईंच्या सांगण्यात थोडी भर. त्या चौघांना तीच संख्या फळ्यावरून उतरवायला द्या, मग समोरच्या कागदावरून, मग कानानं ऐकून. जवळचं बरोबर आणि फळ्यावरचं चूक असेल तर डोळे तपासा. मुलांकडे पाठ करून सांगितलेलंच चुकत असेल तर कान. चष्मा लागल्यावर 'गणितात सुधारलेली' मुलं मी पाहिली आहेत.

अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, आणि पाचवीत कळली तर सवलतींसाठी उपयोग होतो. पण जे मूल तीन वर्षं निम्मं सत्र शाळेतच नव्हतं, त्याच्यावर हा शिक्का घाईनं मारू नका. आधी शिकवून बघा, नोंद ठेवा. त्याच मेहनतीला बाकीचे तीन हलले आणि एकच हललं नाही, तर मला किंवा माझ्यासारख्याला बोलवा.

चिंतामणीचीआई (१६ जुलै)

मी पालक आहे, राग मानू नका. नवोदयला दोन तासांत ८० प्रश्न असतात. माझा मुलगा नोटांचे खेळ आणि पट्ट्या बघत बसला तर वेग कुठून येणार? हुशार मुलांनी नेहमी थांबायचं का?

पाटीवाली (१६ जुलै)

ताई, तुमचा मुलगा नोटा खेळणारच नाही, तो खिडकीपाशी वजाबाक्या बनवत असेल. थांबायचं नाहीच. वेग हवाच, तो सरावाच्या पेपरानं परीक्षेपर्यंत येतो. पण शून्यापाशी मोड कशी होते हे कळलेलं नसेल तर वेगानं चुकतो, एवढंच.

डोंगरपट्टा (९ ऑगस्ट)

आठवडा नुसता 'सरांकडे यायचं नाही' यातच गेला. तिसऱ्या दिवशी एक पोरगा माझ्यापाशी येऊन उभा राहिला, मी वर बघितलं नाही, तर तो दहा मिनिटं तसाच उभा. मग परत गेला आणि गोल करून पुढचं गणित सोडवलं.

काल पुन्हा वजाबाकी सांगितली, ६०२ वजा ३४७. सगळे हजर. २५५ उत्तर एकवीस जणांचं. सहा जण अजून मोठ्यातून लहान. चौघांपैकी दोघं संख्या नीट मांडतात, एकाची नेत्रतपासणी ठरली आहे, एक अजून तिथेच. बँक मीच होतो, आता सतरंजीवरची पोरंच होतात आणि फाटकी नोट घेत नाहीत.

दिवाळीनंतर जाणाऱ्यांसाठी नोटा आणि पट्ट्यांचे संच पिशव्यांत भरून ठेवतोय. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, कोण उघडून बघेल ते बघू.

नवं दुखणं भागाकारात. ६१२ भागिले ६, वरचे आठसुद्धा १२ लिहितात. बाई, इथे मोडीनं भागत नाही.

पाटीवाली (९ ऑगस्ट)

भागतं की. सहा पोरं गोल बसवा, ६१२ वाटा. शंभराची एकेक मिळाली. दहाची नोट एकच आहे, सहा जणांत द्यायची कशी? कोणालाच मिळाली नाही. 'किती मिळाल्या?' विचारा, 'शून्य' म्हणतील, ते तिथल्या तिथे लिहायला लावा. मग ती नोट मोडायची, बारा सुटे, दोन-दोन. शून्य लिहून होईपर्यंत मोड द्यायची नाही.