अनुभव धागा: उताऱ्यातला 'मुख्य मुद्दा' लेकरांना कसा शोधायला शिकवता?

लेकरू उतारा घडाघडा वाचतं, खालच्या प्रश्नांची उत्तरंही शोधून लिहितं. पण "यात सांगितलंय काय?" असं विचारलं की पहिलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवतं. ही तक्रार मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत सारखीच ऐकू येते. झेडपी शाळा, तांडा, हंगामी वसतिगृह, शिष्यवृत्तीचा वर्ग, घर, जिथं कुठं हे काम करत असाल तिथली पद्धत लिहा. 'वाचनाची गोडी लावा' छापाचं नको. इयत्ता कोणती, उतारा कसला, आधी काय, मग काय आणि कुठं फसतं, तेवढं लिहा.

तिसरी-चौथी, अंबाजोगाई तालुका

आधी विषय आणि मुद्दा वेगळे करून द्यावे लागतात, त्याशिवाय गाडी पुढं सरकत नाही. विषय एका-दोन शब्दांत मावतो: ज्वारी. मुद्द्याला पूर्ण वाक्य लागतं, क्रियापदासकट: ज्वारीचा कुठलाच भाग वाया जात नाही. फळ्याच्या कोपऱ्यात दोन प्रश्न कायम राहू द्या. 'कशाबद्दल आहे?' आणि 'त्याबद्दल काय सांगतंय?' लेकरू पहिल्यावर थांबलं की दुसऱ्याकडं बोट करायचं, बोलायचं नाही.

मग वाक्यपट्ट्या. जुन्या कॅलेंडरची पाठ कापून सहा पट्ट्या करायच्या आणि चार लेकरांच्या गटाला एक संच द्यायचा:

ज्वारीचा कुठलाच भाग वाया जात नाही.
दाणे दळून भाकरी करतात.
कोवळ्या कणसांचा हुरडा भाजतात.
कडबा जनावरांना घालतात.
दाण्यांच्या लाह्याही होतात.
बाजारात गव्हाचा भाव वाढला.

पट्ट्या पिसून द्या. पहिलं काम उपरी पट्टी बाहेर काढायचं. दुसरं काम, बाकी चौघींना पोटात घेणारी पट्टी शोधायची. ती बरोबर आहे का हे लेकरांनीच तपासायचं: निवडलेली पट्टी वर ठेवून खालची प्रत्येक वाचण्याआधी 'कसं काय? तर...' म्हणायचं. "ज्वारीचा कुठलाच भाग वाया जात नाही. कसं काय? तर कडबा जनावरांना घालतात." जुळलं. "हुरडा भाजतात. कसं काय? तर कडबा जनावरांना घालतात." हे कानालाच खटकतं, बाईंनी चूक म्हणायची गरज पडत नाही.

शेवटच्या फेरीत मुख्य पट्टीच काढून घ्यायची. उरलेल्या चार वाचून ती गटानं स्वतःच्या शब्दांत तयार करायची. खरं शिकणं इथं होतं. पण ही फेरी पहिल्याच आठवड्यात घेतली तर वर्ग गप्प बसतो. 'निवडणं' पक्कं झाल्यावरच 'बनवणं' घ्यावं.

केंद्रस्तरावर काम, परभणी

पट्ट्यांचा खेळ चांगला आहे मॅडम, फक्त गव्हाची पट्टी फार सोपी पडते. विषयच वेगळा असल्यानं लेकरं न वाचताही ती फेकतात. त्याऐवजी 'रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात' ही घाला. विषय ज्वारीच, पण मुद्द्याला आधार नाही. गडबड तिथंच होते आणि शिकवायचंही तेच असतं.

दुसरी ते पाचवी, देगलूरकडचा सीमाभाग

आमच्याकडं घरी तेलुगू, काही घरांत कानडी, तांड्यावर गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली. शाळेत पुस्तकी मराठी. इथं मुख्य मुद्दा शिकवण्याआधी एक निदान करावं लागतं, नाहीतर औषध भलत्याच दुखण्याला जातं.

एकाच अवघडपणाचे दोन छोटे उतारे घ्या, प्रत्येकी पाच-सहा वाक्यांचे. एक शिक्षकानं सावकाश दोनदा वाचून दाखवायचा, दुसरा लेकरानं स्वतः वाचायचा. दोन्हीनंतर प्रश्न एकच: काय सांगितलंय? उत्तर घरच्या भाषेत चालेल.

ऐकलेल्याचा मुद्दा येतो, वाचलेल्याचा येत नाही: समज शाबूत आहे, सगळी ताकद अक्षरं जुळवण्यात जाते. अशा लेकराला मुद्द्याचे सराव उतारे देऊन उपयोग नाही. त्याला ओळखीचा मजकूर पुन्हापुन्हा मोठ्यानं वाचायला द्या आणि मुद्द्याचं काम तोवर ऐकून करून घ्या. ऐकलेल्याचाही येत नाही पण तोच उतारा घरच्या भाषेत सांगितला की येतो: मराठी शब्द कमी पडतायत. उताऱ्यातले चार-पाच अडणारे शब्द आधी वस्तू, चित्र, हावभाव करून सांगा. तिन्हीकडं येत नाही, तेव्हाच पट्ट्यांपासून सुरुवात.

घरच्या भाषेत उत्तर घेतलं तर मराठी कच्ची राहील अशी भीती काही सरांना वाटते. उलट आहे. मुद्दा आधी डोक्यात बसला की त्याला मराठी शब्द जोडायला मदत करता येते. डोक्यात मुद्दाच नसेल तर लेकरू पुस्तकातलं वाक्य उचलून देतं आणि आपण त्यालाच आकलन समजून बसतो.

शिष्यवृत्ती वर्ग, लातूर

परीक्षेत हाच प्रश्न 'उताऱ्याला योग्य शीर्षक निवडा' असा येतो. शिष्यवृत्तीच्या पेपर १ चं स्वरूप ९० मिनिटांत ७५ प्रश्न असं आहे, म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा मिळत नाही. उतारा तीनदा वाचायची चैन तिथं नसते.

चार पर्याय बहुतेक वेळा ठरलेल्या साच्यात बसतात. एक फार मोठा, एक फार छोटा, एक उताऱ्यात नसलेला पण ऐकायला छान, एक बरोबर. समजा उतारा मराठवाडा मुक्तिसंग्रामावर आहे: निजामाच्या राजवटीविरुद्ध गावोगावचे लोक कसे उभे राहिले, १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान कसं भारतात आलं. पर्याय असे: 'भारताचा इतिहास', '१७ सप्टेंबर १९४८', 'थोर संतांची भूमी', 'मराठवाड्याच्या मुक्तीसाठी लोकांचा लढा'. हुशार लेकरंही तारखेवर खूण करतात, कारण तारीख डोळ्यांत भरते. 'भारताचा इतिहास' तर चुकीचा म्हणवत नाही, म्हणूनच फसवा.

लेकरांना दोनच चाळण्या द्यायच्या. या शीर्षकाखाली दुसरे शंभर उतारे बसतील का? बसत असतील तर ते फार मोठं. या शीर्षकाखाली आपल्या उताऱ्यातली निम्मी वाक्यं बाहेर राहतात का? राहत असतील तर फार छोटं.

नुसते पर्याय सोडवून घेण्यापेक्षा पर्याय तयार करायला लावा. आठवड्यातून एकदा दोघांच्या जोडीला एक उतारा द्या आणि चार शीर्षकं मागा: एक बरोबर, तीन ठरवून चुकीची, प्रत्येकाची चूक कोणती ते बाजूला लिहून. ज्याला फसवं शीर्षक बनवता आलं तो सहसा फसत नाही.

भूगोल-विज्ञान, सहावी ते आठवी, पैठण

पहिलं वाक्य म्हणजेच मुख्य मुद्दा, ही सवय आपणच लावतो, कारण सरावाचे उतारे तसेच लिहिलेले असतात. हा घ्या साधा परिच्छेद:

"जायकवाडी धरण पैठणजवळ गोदावरीवर आहे. त्याच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. हिवाळ्यात तिथं परदेशातून पक्षी येतात. मात्र पैठणला कितीही पाऊस झाला तरी धरण भरेलच असं नाही. त्यात येणारं बरंचसं पाणी वरच्या अंगाला नाशिक-नगरकडं पडलेल्या पावसाचं असतं. तिकडची धरणं भरून पाणी खाली सुटलं तरच इथली पातळी चढते."

लेकरं 'जायकवाडी पैठणजवळ आहे' किंवा पक्षी लिहितात. मुद्दा 'मात्र'नंतर आहे: जायकवाडी भरणं वरच्या भागातल्या पावसावर आणि तिथून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून आहे. म्हणून सहावीपासून वळणाचे शब्द पेन्सिलीनं गोल करायला लावा: पण, मात्र, तरीही, म्हणून, थोडक्यात, खरं तर. गोलानंतरचं वाक्य दुप्पट सावकाश वाचायचं. प्रत्येक 'पण'नंतर मुद्दा असतोच असं नाही, मग पुन्हा 'कसं काय? तर...' लावून बघायचं.

अधोरेखनाबद्दल थोडं कडक बोलतो. पहिल्या वाचनात पेन्सिल खाली. दुसऱ्या वाचनात परिच्छेदाला जास्तीत जास्त एक ओळ. मोकळीक दिली की अख्खं पान रेघांनी भरतं आणि निवड राहते बाजूला. त्याहून बरं म्हणजे परिच्छेदाशेजारी समासात तीन-चार शब्द लिहिणं. चार परिच्छेदांच्या पाठाचे समासातले चार तुकडे सलग वाचले की पाठाचा मुद्दा निम्मा तयारच असतो. पुस्तकं पुढच्या वर्षी दुसऱ्या लेकरांना द्यायची असतील तर समासात कागदाची चिठ्ठी लावा.

मराठी, पाचवी-सहावी, धाराशिव जिल्हा

गोष्टीला हे नियम लावू नका. गोष्टीचा मुद्दा विचारला की लेकरं तात्पर्य फेकतात, 'लोभ करू नये', 'खरं बोलावं', न वाचताही. गोष्टीसाठी चार खाने: कोणाला काय हवं होतं, आडवं काय आलं, त्यानं काय केलं, शेवट काय झाला. चार खाने जोडून एक वाक्य. तात्पर्य त्यानंतर विचारा आणि ते गोष्टीतल्या कोणत्या वाक्यावरून काढलं ते दाखवायला लावा. कवितेला तर या वयात मुद्दा विचारूच नये असं माझं मत.

हंगामी वसतिगृह, बीड जिल्हा

ऊसतोडीला आईबाप गेले की लेकरं इथं किंवा आज्जी-आजोबांजवळ राहतात. संध्याकाळी एका खोलीत चार इयत्ता. स्वतंत्र उतारे छापून आणणं होत नाही, म्हणून जुनं वर्तमानपत्र. बातमीचा मथळा कापून पाकिटात ठेवायचा आणि बातमी लेकरांना द्यायची. लहान लेकरांना मोठ्यांनी वाचून दाखवायची. सगळ्यांनी सात शब्दांच्या आत मथळा करायचा, त्यात कुणी आणि काय केलं हे दोन्ही हवं. मग पाकीट उघडायचं. छापील मथळा म्हणजे पक्कं उत्तर नव्हे, हे आधीच सांगा. कधीकधी तो नुसता चमचमीत असतो आणि लेकरांचा सरस निघतो. बातमी निवडताना पाऊस, एसटी, बाजारसमिती, खेळ यांच्या घ्या. अपघात-खुनाच्या नको, त्यात लेकरं तपशिलातच अडकतात.

घरी आज्जीला वाचता येत नसेल तरी तिला दोन प्रश्न शिकवता येतात. "काय वाचलंस, एका दमात सांग." आणि "कुठं लिहिलंय तसं, बोट ठेव." लेकरू फाफटपसारा सांगायला लागलं की आज्जीनं फक्त "एका दमात" म्हणायचं.

प्रश्न, जालना: चौथीतला एक मुलगा सगळा उताराच उतरवून काढतो. सांगा म्हटलं तरी तेच. काय करावं?

उत्तर, अंबाजोगाई तालुका

सर, पुस्तक उघडं असेल तोवर तो उतरवणारच. परिच्छेद वाचून झाला की पुस्तक पालथं घालायला सांगा, मग तोंडी एक वाक्य घ्या, ते तुम्ही कागदावर लिहा आणि पुस्तक उघडून त्याच्याकडूनच पडताळून घ्या. एकावेळी एकच परिच्छेद, सहा ओळींपेक्षा मोठा नको. लिहायला त्याला पुठ्ठ्याची दोन बोटं रुंदीची पट्टी द्या. जागाच नसली की निवड करावी लागते.

गुण देताना असं धरा: नुसता विषय लिहिला तर १, उताऱ्यातला एखादा तपशील लिहिला तरी १, पूर्ण वाक्यात मुद्दा आला तर २, आणि मुद्द्याला उताऱ्यातली दोन आधाराची वाक्यं दाखवली तर ३. जशीच्या तशी नक्कल असेल तर शून्य न देता पट्टी परत द्या. शून्य दिलं की ही लेकरं लिहायचंच सोडतात.